आमच्या हौसेचा दर काय?

मैत्रिणींनो, गेल्या संक्रांतीला आमच्या भद्रावतीत एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. घरच्या बाई मनाच्या फार चांगल्या. जमलेल्या बायकांना त्यांनी माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या ताई. कुत्र्यामांजरायची भारी हौस आहे जी यायले. त्यायच्यावर लिवतात बी." बायका हसल्या. मीही हसले, तिळगूळ घेतला आणि घरी आले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण गेली तीन वर्षं माझ्या घरातलं लाइटचं बिल, धाकट्या मुलीची फी आणि माझ्या औषधाचा खर्च या 'हौसे'तून भागतो आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे यजमान कोळसा खाणीत डंपर चालवतात. त्यांच्याबद्दल सांगताना "त्यांना गाड्यांची भारी हौस" असं कुणी म्हटलं नव्हतं.

सुरुवात हौसेनंच झाली, हे मी नाकारत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा जिन्याखाली एका कुत्रीनं पिल्लं घातली होती. सासूबाईंच्या चार बकऱ्या होत्या. एक मांजर कुठून आलं आणि राहिलं. घरात नवीन सून, बोलायला कुणी नाही, म्हणून मी या जिवांशी बोलायची. थोरलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर टिपून ठेवायची, कुणी काय खाल्लं, कुणाला कधी जुलाब झाले, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय सांगितलं. त्या वह्या एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांच्या नजरेस पडल्या. "ताई, आमच्यासाठी लिहा ना." मी लिहू लागले. दर पंधरा दिवसांनी एक लेख. अकरा वर्षं लिहिलं.

अकरा वर्षांत एक रुपया मिळाला नाही. माझ्या लेखाशेजारी पशुखाद्याची जाहिरात यायची. तिचे पैसे त्यांना मिळायचे. कागदाचे, छपाईचे, पेपर वाटणाऱ्या मुलाचे पैसे ते द्यायचे. फुकट होता तो फक्त लेख. एकदा धीर करून विचारलं, तर संपादक हसून म्हणाले, "ताई, तुम्ही तर हौसेनं लिहिता. तुम्हाला कुठं पैशाची गरज?"

आता या 'हौसे'त काय लिहीत होते, तेही सांगते. मांजराला माणसाची तापाची गोळी, ती पॅरासिटामॉल, देऊ नका, त्यानं मांजर मरतं. कुत्र्याला कांदा, चॉकलेट आणि द्राक्षं घालू नका. आपला भाग जंगलाचा आहे, ताडोबा उशाला आहे, तेव्हा रात्री कुत्रं अंगणात उघड्यावर बांधू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडे बिबट्यांच्या खाण्याचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यात त्यांच्या पोटात जाणाऱ्या प्राण्यांमध्ये गावातलं कुत्रं सर्वांत पुढे निघालं. अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दारापर्यंत दिलेलं बोलावणं. आणि जनावर चावलं तर जखमेला तिखट, चुना, हळद काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. सांगितलेल्या तारखांना पुढचे डोस घ्या, एकही चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही.

एका पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. आजी तिखट घेऊन धावली. पोराच्या आईनं तिचा हात धरला आणि पोराला नळाखाली बसवलं. "पेपरात आलं होतं," म्हणाली. त्या पोराला वेळेवर लस मिळाली. आज तो बारावीला आहे. सांगा, हे माहितीचं काम झालं की हौस झाली?

'हौस' हा शब्द मोठा गोड आहे. त्यात बाईचं कौतुक आहे आणि तिचा पगार बुडवायची सोयही आहे. स्वयंपाक तिची हौस, शिवण तिची हौस, मुलांना शिकवणं तिची हौस, म्हाताऱ्यांचं करणं हा तिचा स्वभाव. जे काम तिच्या हौसेत किंवा स्वभावात बसवलं, त्याचा दर ठरवावा लागत नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामात बिनमोल श्रम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं, असं त्यात निघालं. जवळजवळ पाच तास रोज! इतकी हौस कुणाला असते?

आमच्याच गावाचं उदाहरण घ्या. भद्रावती मातीच्या कामासाठी नावाजलेली आहे. इथला ग्रामोदय संघ कुंभारकामासाठी दूरवर माहीत आहे. पण परंपरेनं कुंभार कोण? चाक फिरवतो तो. माती आणते, चाळते, कालवते, मडकी वाळत घालते ती कुंभाराची बायको. धंदा त्याचा आणि हिचा हातभार.

कुणी म्हणेल, जनावरांवर लिहून कुठे कुणाचं पोट भरतं का? भरतं. आणि भरायला काय काय सोसावं लागतं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. इंग्लंडमधल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची गोष्ट ऐका. १८६६ चा जन्म, लंडनचं श्रीमंत घर. मुलगी बिनलग्नाची, म्हणजे तिनं आईवडिलांचं घर सांभाळायचं हे ठरलेलं. तिच्याकडे पाळलेले ससे होते. त्यांना पट्टा बांधून ती फिरायला न्यायची, त्यांची चित्रं काढायची. बुरशीच्या जातींचाही तिचा मोठा अभ्यास. १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत तिचा निबंध मांडला गेला, तो एका पुरुष शास्त्रज्ञाकरवी, कारण त्या सभेत बायकांना प्रवेशच नव्हता.

त्याआधी १८९३ मध्ये तिनं एका आजारी मुलाला पत्र लिहिलं होतं, त्यात पीटर नावाच्या सशाची गोष्ट होती. तिचं पुस्तक करायला प्रकाशक तयार होईनात. १९०१ मध्ये तिनं स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी एका प्रकाशकानं ते पुस्तक घेतलं. पुस्तक धडाधड खपलं. १९०३ मध्ये तिनं पीटर सशाच्या बाहुलीची पेटंट कार्यालयात रीतसर नोंद केली. ज्या कमाईला घरचे पोरखेळ समजत होते, त्याच कमाईच्या बळावर १९०५ मध्ये तिनं शेतीवाडी घेतली. १९४३ मध्ये वारली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन तिनं एका सार्वजनिक न्यासाला ठेवली.

या गोष्टीतल्या दोन बाबी मला फार बोलक्या वाटतात. तिच्या प्रकाशकाच्या घरातल्याच एकानं तिला लग्नाची मागणी घातली, तेव्हा आईवडील नाराज झाले. का, तर मुलगा 'धंद्यातला'! आणि पॉटर घराण्याची श्रीमंती कुठून आली होती? कापडाच्या धंद्यातून. पुरुषांनी पैसा मिळवला की घराणं होतं, त्याच घरातल्या मुलीचा पैशाशी संबंध आला की बाट लागतो. दुसरी बाब अमेरिकेतली. तिथं त्या पुस्तकाची हक्कनोंदणी प्रकाशकाकडून राहून गेली. मग तिकडच्या छापखान्यांनी हव्या तितक्या प्रती काढल्या आणि बाईला त्यातलं काही मिळालं नाही. कागद केला नाही की प्रेमही दुसऱ्याच्या खिशात जातं.

हे वाचलं आणि मी ठरवलं, आता पूर्णवेळ हेच करायचं, आणि पैसे घेऊन करायचं. साप्ताहिकाला कळवलं, यापुढे लेखाचं मानधन ठरलं तरच लेख येईल. लेख बंद झाले. अकरा वर्षांचे लेख निवडून त्यांच्या तीन छोट्या पुस्तिका केल्या, बचत गटाकडून कर्ज घेऊन छापल्या आणि किंमत टाकली. दारावर पुठ्ठा लावला. फोनवर किंवा घरी येऊन सल्ला, पन्नास रुपये. तुमच्या घरी येऊन जनावराची राहणी बघणं, दोनशे. गावाला जाताना कुत्रं-मांजर ठेवायचं असेल तर रोजचे तीनशे. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "मी डॉक्टर नाही. औषध देत नाही, सुई टोचत नाही." कायद्यानं तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे आणि ते योग्यच आहे.

पुठ्ठा लागला आणि गावाला धक्का बसला. काल दीड तास बसून चहा पिऊन सल्ला नेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काहून जी ताई, आतापर्यंत त फुकटच सांगत होत्या, आता पैशे कायले?" घरात हे म्हणाले, "तुला घरात काय कमी आहे? लोक मला काय म्हणतील?" बघा, काम माझं आणि लाज यांना! जाऊबाई म्हणाल्या, मुक्या जिवांच्या नावावर पैसे घेणं पाप आहे. त्याच मुक्या जिवांसाठी चाऱ्याचे, औषधाचे, साखळीचे पैसे दुकानदार घेतो तेव्हा पाप कुठे जातं?

आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींनीही सोडलं नाही. एक म्हणाली, "इथं माणसांच्या लेकरांना खायला नाही आणि तू कुत्र्यांचं घेऊन बसलीस." दुसरी म्हणाली, "बाजारात उतरलीस की बाजारासारखीच होशील." पहिलीला मी एवढंच विचारलं, मी उद्यापासून हे काम पुन्हा फुकट करू लागले तर त्या लेकरांच्या ताटात काय वाढेल? दुसरीचं म्हणणं मात्र मी मनात धरून ठेवलं. ते खोटं नव्हतं.

बाजार आलाच. एका खाद्याच्या कंपनीनं घरी पोती पाठवली. सोबत चिठ्ठी, पुढच्या पुस्तिकेत आमच्या खाद्याबद्दल दोन ओळी लिहा, आणि घरची भाकर-भात कुत्र्याला अजिबात घालू नये असंही लिहा. मी फोन करून मोबदल्याचं विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, पोती दिली ना." पोत्यांनी वीज बिल भरता येत नाही. आणि आमच्याकडची निम्मी कुत्री भाकर-भातावर जगतात. त्यात थोडी डाळ, अंडं घाला एवढं सांगणं खरं आहे. तसं नाही केलं तर तुम्ही पापी, हे सांगणं खोटं आहे. पोती परत केली. कुणाचे पैसे घेऊन कुणाची भलामण करायची असेल तर ती जाहिरात आहे असं तिथंच छापलं पाहिजे, वाचणारीला ते कळलंच पाहिजे.

आणखी एक मोह आमच्या भागातला. जंगलालगतच्या गावातून लोक पोपटाची पिल्लं आणतात, सशाची आणतात. एकानं तर सुचवलं, "ताई, बिबट्याच्या पिल्लासोबत तुमचा फोटो काढू, लई चालते." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, बिबट्याचं तर सोडाच. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आईवेगळी झालेली रानातली जनावरं सांभाळली, ती गोष्ट वेगळी. तिथं जीव वाचवायचा होता. फोटोसाठी पिल्लू आईपासून तोडायचं, हे मी करणार नाही. फुकट राबवून घेणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. बोलता न येणाऱ्या जिवाला मी कशी राबवू?

इतकं ठामपणे लिहिते आहे, पण आता माझीच एक गोष्ट सांगते, आणि ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. काम वाढलं. घरी ठेवायला पाच-सहा कुत्री येऊ लागली. त्यांचं मागचं साफ करणं, भांडी घासणं, पोती उचलणं माझ्यानं होईना. एक मावशी येऊ लागल्या. रोज दोन तास, महिन्याला बाराशे. सहा महिन्यांनी त्यांनी पैसे वाढवून मागितले. माझ्या तोंडून काय निघावं? "मावशी, तुम्हालाही मुक्या जनावरांची माया आहे ना!"

मावशी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माया हाय जी ताई. पन मायेनं किराना भरत नाई."

त्या दिवशी मला माझ्या संपादकांचा चेहरा आठवला. तेच हसू माझ्या चेहऱ्यावर होतं. ज्या शब्दानं मला अकरा वर्षं फुकट राबवलं, तोच शब्द मी माझ्याहून गरीब बाईला लावला होता. वही घेऊन बसले. मी दिवसाचे किती तास काम करते, मावशी किती, येणाऱ्या तीनशेतून खाण्याचा खर्च वजा जाता काय उरतं, सगळं मांडलं. मांडल्यावर दिसलं, माझ्या धंद्याचा नफा म्हणून मी जे मोजत होते, त्यातला मोठा भाग मावशींची न दिलेली मजुरी होती. आता घरी राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामागे रोजचे साठ रुपये मावशींचे. आठवड्याला एक सुट्टी. माझी कमाई कमी झाली, पण निदान ती माझी आहे.

म्हणून मैत्रिणींनो, हौसेचा धंदा करणं एवढंच मी सांगत नाही. बाईच्या हौसेवर पुरुषाऐवजी दुसरी बाई उभी राहिली तर काय मिळवलं? आमच्या भागात 'उमेद'मधून शिकून तयार झालेल्या पशुसखी आहेत. बकऱ्या-कोंबड्यांना जंताचं औषध देतात, लसीकरणाला मदत करतात, उन्हातान्हात पायी फिरतात. गावात त्यांना हाक मारताना सगळ्यांना त्या 'आपल्याच' वाटतात. वीस रुपये द्यायची वेळ आली की "सरकार देते ना तुले" म्हणतात. सरकारचं बघायचं तर आशा ताईंकडे बघा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जगापुढे गौरव केला आणि आपल्याकडे त्या आजही कागदोपत्री 'स्वयंसेविका'च आहेत. पगार नाही, मोबदला आणि मानधन. घरात जी 'हौस', सरकारदरबारी तेच 'मानधन'. मानही अर्धा आणि धनही अर्धं!

एकटीनं दर मागितला की ती लोभी ठरते. सगळ्या मिळून मागतात तेव्हा तो दर ठरतो. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तेव्हा पापड लाटणं ही घरोघरची हौसच होती. त्यांनी दान घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण असेल असं ठरवलं. म्हणून ते 'लिज्जत' झालं. पॉटरबाईंपाशी २५० प्रती छापण्याइतका स्वतःचा पैसा होता. आपल्यापाशी तो नाही. आपल्यापाशी शेजारीण आहे, गट आहे.

तेव्हा जिला जे काम आवडतं आणि ज्याचा लोकांना उपयोग होतो, तिनं आधी एक महिना वही ठेवावी. किती तास, कुणासाठी, काय मिळालं. मग दर ठरवावा आणि तो दारावर लावावा, तोंडी सांगू नये. कमाईचं खातं आपल्या एकटीच्या नावाचं असावं. उद्यम नोंदणी करावी, ती सरकारकडे फुकट होते. त्यासाठी कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नयेत. लिहिणाऱ्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवावं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसताना लिहिलेल्या लेखाची पहिली मालकीण आपण असतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करून, आणि मुदत लिहूनच द्यावेत. मी अकरा वर्षं दिले ते लेख होते, हक्क नव्हते. म्हणूनच पुस्तिका काढू शकले. आणि आपल्या कामाला हातभार लावणाऱ्या बाईचं नाव, तास आणि पैसे त्याच वहीत, आपल्या नावाच्या खाली नाही तर शेजारी लिहावेत.

येत्या संक्रांतीला त्याच घरी मला बोलावणं येईल. मी जाणार आहे, आणि मावशींनाही सोबत नेणार आहे. कुणी म्हणालं, "यायले कुत्र्यामांजरायची हौस", तर मी सांगेन, "हौस आहेच बाई, पण हे आमचं काम आहे. दोघींचं. दर दारावर लावला आहे."